कोहेरंट की क्वासी-कोहेरंट: मुक्काम कुठे करावा?

बैजिक भूमितीत शीफ हाताळायला लागलं की हा प्रश्न लवकरच समोर येतो. व्याख्या तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो, आणि स्कीम नोदेरियन आहे असंही. थोडक्यात आठवण: अफाइन तुकड्यावर क्वासी-कोहेरंट शीफ म्हणजे कुठलंही मॉड्यूल, कोहेरंट म्हणजे सान्त जनक असलेलं मॉड्यूल.

माझी सुरुवात कोहेरंटपासून झाली. सेरनं 1955 मध्ये हेच शीफ या विषयात रुजवले, आणि त्यांचं सुख खरंच मोठं आहे. फील्डवरच्या प्रॉपर स्कीमवर त्यांचे कोहोमॉलॉजी गट सान्त मितीचे असतात, म्हणून ऑयलर संख्या (त्या मितींची आलटून-पालटून बेरीज-वजाबाकी) काढता येते. क्वासी-कोहेरंटमध्ये अनंत डायरेक्ट सम घेता येतात आणि त्यामुळेच तिथला ग्रोथेंडीक गट, म्हणजे अशा मोजदादी जिथे नोंदल्या जातात तो गट, शून्य होऊन बसतो. मोजदादच करायची असेल तर कोहेरंटच हवेत.

पण एका गोष्टीनं मला फार छळलं. प्रोजेक्टिव्ह रेषा नेहमीच्या दोन अफाइन तुकड्यांनी झाका आणि ओ(-2) हा लाइन बंडल घ्या. पहिल्या तुकड्यावर क्ष चे 0 पासून वरचे घात, दुसऱ्यावर -2 पासून खालचे, छेदावर सगळे. क्ष चा -1 वा घात तेवढा दोन्हींकडून सुटतो. तोच पहिला कोहोमॉलॉजी गट, मिती 1. आता हाच हिशोब शीफच्या भाषेत मांडायचा, तर पहिल्या तुकड्यावरचा शीफ अख्ख्या रेषेवर ढकलावा लागतो. अनंतबिंदूपाशी त्याला कितीही मोठ्या ऑर्डरचा पोल चालतो, म्हणजे सान्त जनक पुरत नाहीत. चेक कॉम्प्लेक्सच्या पहिल्याच पायरीला कोहेरंटपणा गेला! प्रत्येक सिद्धतेत ‘हा शीफ कोहेरंट नाही, तरी चालेल’ असं लिहून मी अक्षरशः कंटाळलो. इंजेक्टिव्ह रिझोल्यूशनचीही तीच गत: पूर्णांकांवर क्यू/झेड लागतो, आणि त्याला सान्त जनक नाहीत.

क्वासी-कोहेरंटमध्ये पुशफॉरवर्ड घरातच राहतो, इंजेक्टिव्ह पुरेसे मिळतात, अफाइनवर तर सरळ मॉड्यूलच हाताळायचे. खोडी तिथेही आहेत. अनंत गुणाकार जपून घ्यावे लागतात, आणि होम-शीफ क्वासी-कोहेरंट राहील याची खात्री पहिला शीफ कोहेरंट असेल तरच. मला मात्र हे क्वचितच आडवं आलं. शिवाय प्रत्येक क्वासी-कोहेरंट शीफ आपल्या कोहेरंट उपशीफांचा संघ असतो, त्यामुळे परतीची वाट उघडीच राहते.

एखाद्या ठरावीक प्रोजेक्टिव्ह व्हरायटीवर रीमान-रॉखची गणितं करायची असतील, तर कोहेरंटमध्ये कदाचित काहीच अडणार नाही. पण पाया घालत असाल, तर मी क्वासी-कोहेरंटमध्ये लिहीन आणि सान्ततेची अट प्रमेय मागेल तिथेच घालीन.