उन्हाळी सुटीत सुडोकू की बुद्धिबळ?

सांगलीत मे महिन्याच्या भर दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. मोबाइल हातात जाण्याआधी पुढे काय ठेवावं, पेपरातलं सुडोकू की बुद्धिबळाचा पट?

सुडोकूला पेन्सिल आणि खोडरबर पुरतं. ८१ घरं, जोडीदार नको, बेरीज-वजाबाकीही नको, नुसता तर्क. उत्तर एकच निघावं म्हणून निदान १७ आकडे आधी द्यावे लागतात. पण अडलं की मुलं छापलेलं उत्तर बघून मोकळी होतात.

बुद्धिबळात उत्तर कुठेच छापलेलं नसतं. समोर आजी बसलेली, तिच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. शिवाय हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. म्हणून उंटाकडे गेलेलं बोट अर्ध्यावर थबकतं, मागे येतं, डोळे पुन्हा पटभर फिरतात. ते थबकणं मला फार मोलाचं वाटतं. आणि भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात मुलांना या खेळाची गोडी लागायलाच हवी!

माझं मत पटालाच. एकट्यानं रमणारं मूल असेल तर सुडोकू जरूर द्या, फक्त सुरुवात ४ × ४ च्या छोट्या कोड्यापासून करा.