दुहेरी लॅनयार्डचा फुल बॉडी हार्नेस: पट्टा उत्तम, पण खाली जागा किती आहे?

'सेफ्टी बेल्ट' मागितला की अजूनही कुठे कुठे नुसता कमरपट्टा हातात ठेवतात. पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, त्यामुळे तो बादच. हा फुल बॉडी हार्नेसचा संच ईएन ३६१ या युरोपीय मानकाचा आहे: खांदे, छाती, मांड्या यांना पट्टे, पाठीवर डी-रिंग (दोर जोडायची D आकाराची कडी), झटका शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि दुहेरी लॅनयार्ड, म्हणजे दोन मोठे हुक असलेला जोडदोर.

हुक पसंत पडले. परांचीच्या ४८.३ मिमी पाइपवर सहज बसतात आणि मुकादमाला ओरडावं लागत नाही. एक हुक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, दुहेरी लॅनयार्ड त्यासाठीच असतो. मात्र मोकळा हुक हार्नेसच्याच डी-रिंगमध्ये अडकवू नका. मग ओढ अ‍ॅब्सॉर्बरला वगळून थेट अंगावर येते. त्यासाठी छातीवर झटक्याने सुटणारा वेगळा फास हवा. या संचात तो नाही, ही मोठी उणीव.

आता मुख्य अडचण. अ‍ॅब्सॉर्बर झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो, पण त्यासाठी तो उसवत लांब होतो, जास्तीत जास्त १.७५ मीटर. लॅनयार्ड २ मीटर, डी-रिंगपासून पावलांपर्यंत दीड मीटर, शिवाय १ मीटर राखीव: बेरीज सव्वासहा मीटर, हुकाखाली एवढी मोकळी जागा हवी. हा हिशेब हुक डी-रिंगच्या उंचीवर असतानाचा. पायाशी अडकवला तर पडण्याचं अंतर आणखी वाढतं. म्हणजे पहिल्या स्लॅबच्या कडेला हा संच घालून पडलेला माणूस हार्नेससकट जमिनीवर आदळणार. तिथे कठडा बांधा, नाहीतर डोक्यावर अडकवायचा, दोर आपोआप गुंडाळून घेणारा ब्लॉक घ्या.

मांड्यांची बकलं साधी आहेत, सिमेंटची धूळ बसली की पट्टा सरकतो. पट्टा आणि मांडी यांत सपाट हात जेमतेम जाईल इतकाच सैल ठेवा. डी-रिंग दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये हवी.

लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. पाय टेकवायचे फास या संचात नाहीत, ते वेगळे घ्या; उतरवायची शिडी किंवा दोर काम सुरू होण्याआधीच जागेवर हवा.

वेल्डिंगच्या ठिणगीने जळालेला पट्टा, उसवलेली शिलाई, संचावरचा न वाचता येणारा माहितीचा बिल्ला: यांपैकी काहीही दिसलं तर वापर बंद. एकदा झटका बसलेला संच कापूनच टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोच घालतो.