वायरमनसाठी शिवून घेतलेला चामड्याचा टूल बेल्ट : दहा महिन्यांनंतर

मी नागपुरात वायरमन आहे. मानेवाडा, बेसा या बाजूला नव्या फ्लॅटचं वायरिंग आणि महाल-इतवारीकडे जुन्या घरांची दुरुस्ती, असं माझं काम चालतं. गेल्या ऑक्टोबरात महालातल्या एका कारागिराकडून चामड्याचा टूल बेल्ट शिवून घेतला. त्याआधी नायलॉनचे तीन तयार बेल्ट वापरून झाले होते. त्यांचं कापड टिकायचं, पण खिशाचं तोंड मिटायचं. शिडीवर एका हातात वायर धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपत बसायचं, याचा मला खरंच वीट आला होता.

या कारागिराच्या घरी पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालायचे घुंगरांचे पट्टे शिवायचं काम वडिलांपासून चालत आलंय. म्हणून जाड चामड्यावर त्यांचा हात बसलेला. मला वाटलं होतं, कंबर मोजतील आणि पाठवून देतील. त्यांनी रोजची सगळी हत्यारं पिशवीत भरून आणायला लावली आणि दुकानातल्या स्टुलावर चढवलं. भिंतीवर बोर्ड आहे असं समजा आणि उघडा, म्हणाले. मी टेस्टर काढला, मग स्क्रू ड्रायव्हर, मग पक्कड. दोनदा, तीनदा. ते खडू घेऊन माझ्या जुन्या बेल्टवर खुणा करत होते. "भाऊ, तुमचा हात आपोआप कुठं जाते, ते पाहून राहिलो मी," म्हणाले. टेस्टर मी उजव्या हाताने घेतो, पण खिशात परत ठेवतो डाव्या हाताने, कारण उजव्यात तोवर ड्रायव्हर आलेला असतो. सोळा वर्षं हे काम करतोय, पण हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे टेस्टरचं घर पोटासमोर, थोडं डावीकडे आलं. आज या बेल्टचं सुख विचाराल तर निम्मं त्या एका घरात आहे.

चामडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. पट्टा दोन इंच रुंद. दोन थरांच्या मध्ये नायलॉनची पट्टी घालून शिवलाय, कारण नुसतं चामडं वजनाने ताणत जातं. माझी हत्यारं साडेतीन किलोच्या आसपास भरतात. दहा महिन्यांत मी फक्त एक भोक आत सरकलोय. शिवण हाताची आहे, मेण लावलेला दोरा आणि दोन सुया. एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत.

पकडीचं घर करताना त्यांनी चामडं ओलं केलं, पक्कड प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत दाबली आणि रात्रभर तशीच ठेवली. वाळल्यावर घराने पकडीचाच आकार धरला. तोंड कायम उघडं, तरी वाकलो तर पक्कड पडत नाही. प्लास्टिक कशाला, हे तेव्हा विचारलं नाही. जुलैत कळलं. भर पावसात एका गच्चीवर काम करून ओली पक्कड तशीच घरात खोचली. दुसऱ्या दिवशी आत निळसर काळे डाग. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई पूर्वी करायचे, तोच हा प्रकार: सालीतला तुरट अंश आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं होतं. डाग निघत नाहीत, पण चामड्याची ताकद गेलेली नाही. आता ओलं हत्यार पुसल्याशिवाय आत जात नाही.

त्याच महिन्यात बेल्ट दोन दिवस गाडीच्या डिक्कीत बंद राहिला आणि पांढरी बुरशी धरली. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवला. उन्हात ठेवू नका. मे महिन्यात गच्चीवर तासभर विसरलो होतो, तर पट्टा पापडासारखा कडक झाला. मेण आणि तेलाचं मिश्रण कारागिरानेच डबीत दिलंय. दोन महिन्यांतून एकदा बोटभर घेऊन चोळतो. जास्त लावलं की घरं ढिली पडतात.

आता तक्रार. ड्रिल बिटच्या खिशाची वरची शिवण चौथ्या महिन्यात उसवली. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर ताण येतो, तिथे रिव्हेट हवे होते. त्यांनी चूक मान्य केली, पैसे न घेता तांब्याचे रिव्हेट ठोकून दिले. पण माझा कामाचा दिवस गेला. तुम्ही शिवून घेत असाल तर हे आधीच सांगा. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात नायलॉनपेक्षा हा जड आणि गरम वाटतो. पारा ४५ वर गेला की पट्ट्याखालचा शर्ट घामाने चिंब होतो. त्याला उपाय सापडलेला नाही.

वायरमन मंडळींना एक सांगतो. कारागिराला समोर पितळेचं मोठं बक्कल लावायचं होतं, दिसायला छान म्हणून. मी नको म्हटलं. आपण उघड्या डीबीवर, म्हणजे विजेच्या वितरण पेटीवर, ओणवे होतो, पोटावर धातू कशाला? माझं बक्कल लहान आहे आणि त्यावर चामड्याची झडप आहे. चामडं आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. घामाने किंवा पावसाने ओलं झालेलं चामडं वीज अडवत नाही.

खर्च ३,४०० रुपये, वेळ १२ दिवस. तयार बेल्टच्या मानाने महागच आहे. तरी मागच्या आठवड्यात माझ्या हाताखालच्या पोराला त्याच दुकानात नेऊन स्टुलावर उभं केलं. तो डावखुरा आहे. आजवर माझ्यासारखाच बेल्ट लावून उलट्या हाताने काढाघाली करत होता. काकांनी खडू हातात घेतला आणि पहिली खूण उजव्या बाजूला केली.