कलम 21 : शब्द पाळावा की हेतू?

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ आम्ही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासाला जमतो. राज्यघटनेचं कलम 21 म्हणतं, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवन किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. ते शब्दशः वाचायचं की त्यामागच्या हेतूने, यावर परवा वाद रंगला.

शब्दाला धरून वाचण्याचं ठळक उदाहरण म्हणजे 1950 चा ए. के. गोपालन खटला, म्हणजे एका कम्युनिस्ट नेत्याने आपल्या स्थानबद्धतेला दिलेलं आव्हान. विधिमंडळाने रीतसर कायदा केलाय ना, मग त्यातली कार्यपद्धती न्याय्य आहे का हे आम्ही तपासणार नाही, अशी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताची भूमिका होती. न्या. फजल अली यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं. या रीतीत निश्चितता असते, आणि करकायद्यात मलाही तीच पटते.

पण प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा असला की ती तोकडी पडते. मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने ताब्यात घेतला आणि कारणही सांगितलं नाही. 1978 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या या खटल्यात न्यायालय म्हणालं, कार्यपद्धती वाजवी आणि न्याय्यच हवी. कलम 14 (समानता), 19 (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यं) आणि 21 एकत्र वाचा. तिथून दार उघडलं. 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथवासीयांसाठी उपजीविकाही जगण्याच्या हक्कात आली. (झोपड्या मात्र वाचल्या नाहीत, पावसाळ्यापुरती मुदत मिळाली, आणि ते मला अजून सलतं.)

न्यायाधीशच कायदे करू लागतील, हा मैत्रिणीचा आक्षेप खरा आहे. तरीही स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडे पाहिलं की मी हेतूच्याच बाजूने उभी राहते.