अळ्यांसाठी घडीचा जाळीदार पिंजरा : जाळी चोख, तक्ता कच्चा

घराच्या आसपास सापडणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या सुरक्षित वाढाव्यात, यासाठी घडी घालून ठेवता येणारे जाळीचे पिंजरे मिळतात. मी वापरलेल्या संचात झिप असलेला हातभर उंचीचा पिंजरा आणि अळ्या ओळखण्यासाठी एक रंगीत तक्ता होता. पिंजऱ्याविषयी माझे मत चांगले आहे. तक्त्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

तक्त्यात अळ्या रंगानुसार मांडल्या आहेत आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण अळी कात टाकत वाढते आणि त्याबरोबर अनेक जातींत तिचे रूपही पालटते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवरची लाइम बटरफ्लायची अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते आणि कोषापूर्वीच्या अवस्थेत हिरवीगार होते. तक्त्यात केवळ हिरवी अळी असल्याने लहान अळी समोर असूनही ओळखू येत नाही. खरे तर अळी कोणत्या झाडाची पाने खात आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा. रुईच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती बहुधा प्लेन टायगरचीच असते. पायांचा तर तक्त्यात उल्लेखच नाही. फुलपाखरांच्या अळ्यांना पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा अधिक जोड्या दिसल्या, तर ती सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची अळी समजावी. साध्या भिंगाने एवढे सहज दिसते.

पिंजऱ्याची जाळी मात्र उत्तम आहे. अळीवर अंडी घालणाऱ्या टॅकिनिड माश्या तिच्यातून आत येऊ शकत नाहीत, अर्थात अळी आणण्यापूर्वीच त्यांनी अंडी घातली असतील तर जाळीचा उपयोग नाही. म्हणून अंडी किंवा अगदी लहान अळ्या आणणे श्रेयस्कर. दुसरा फायदा कोषातून फुलपाखरू बाहेर पडताना कळतो. पंख भरेपर्यंत त्याला खाली लोंबकळावे लागते, आणि बरणीच्या गुळगुळीत भिंतीवर न मिळणारी पकड खरखरीत जाळीवर लगेच मिळते.

दोष आहेत ते दाराचे. दार अरुंद असल्यामुळे कुंडी आत जात नाही, फांद्या तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवाव्या लागतात, आणि बाटलीचे तोंड कापसाने बंद केले नाही तर अळी आत पडून बुडते. शिवाय कोषाची वेळ आली की अळी जागा शोधत वर चढते आणि नेमकी झिपच्या कडेला रेशमाने स्वतःला बांधून घेते. मग कोष रिकामा होईपर्यंत दार जपून, अर्धवटच उघडावे लागते. पाने बदलताना अळी हाताने न उचलता पानाच्या तुकड्यासकट हलवावी. लिंबावरच्या अळीला धक्का लागला की ती डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हा तिचा बचाव आहे, पण उगीच तिला तो करायला लावू नये.

वेष्टनावरच्या चित्रात अळ्यांची दाटी दाखवली आहे, ती खटकते. गर्दीत ओली विष्ठा साचते आणि रोग झपाट्याने पसरतो. थोड्याच अळ्या ठेवून तळ रोज पुसणे बरे. फवारलेल्या पानांबद्दलही सूचना हवी होती, कारण सेंद्रिय म्हणून विकला जाणारा बीटी जिवाणूचा फवाराही अळ्यांना मारतो.

दारात झाड नसेल आणि पाने बाहेरून आणावी लागत असतील, तर हा पिंजरा घेण्यासारखा आहे. झाड स्वतःचेच असेल, तर अळी असलेल्या फांदीवर बारीक जाळीची पिशवी चढवून देठाशी फट न ठेवता बांधली तरी तेच काम होते, आणि अळीला शेवटपर्यंत ताजी पाने मिळतात.