वेताची काठी आणि रबरी पट्टा: साठीनंतरच्या भटकंतीतला आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

काठी घ्यायची असेल तर वेताची घ्या, बांबूची नको. वेत आतून भरीव असतो, बांबू पोकळ. उन्हापावसात बांबूला उभी चीर जाते आणि ती चीर तळहाताला लागते. वेत वाकतो, फार तर त्याचे तंतू सुटतात. माझी काठी आकड्यासारख्या वळलेल्या मुठीची आहे, 400 रुपयांच्या आत मिळाली. बुडाला रबर आहे. तिच्या जोडीला व्यायामाचा रबरी पट्टा. भटकंतीत माझी व्यायामशाळा म्हणजे एवढंच सामान.

निवृत्तीनंतर मी पार्ल्याचं घर भाड्याने दिलं आणि फिरायला लागले. कधी वाई, कधी भूज, कधी म्हैसूर, जिथे महिना-दोन महिने खोली मिळेल तिथे. मुंबईत आले की मुक्काम धाकट्या बहिणीकडे, दादरला. एकट्या बाईने या वयात असं राहायचं म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. पडलात तर? आणि कोणी अंगावर आलं तर? माझ्या मते हे दोन नव्हे, एकच प्रश्न आहे. ज्याचे पाय जमिनीवर पक्के आहेत तोच धक्का सोसतो, वळतो आणि तिथून निघून जाऊ शकतो. काठीची खरी किंमत मला इथे कळली. तिने मारायची वेळ आली नाही, पण तिच्यामुळे माझे पाय सुधारले.

आधी मापाचं बोलते, कारण दुकानात सगळे चुकीच्या उंचीची काठी गळ्यात मारतात. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मूठ तिथे आली की कोपर जरासं वाकलेलं राहतं, तेच हवं. माझ्या पाच फूट दोन इंचांना 31 इंच बसली. एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि सगळा भार पुन्हा त्याच पायावर घेतात.

बुडाचं रबर मात्र मुंबईच्या पावसाळ्यापुढे टिकत नाही. त्याच्या तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या की ओल्या लादीवर ते साबणासारखं सरकतं. दादरच्या पुलाच्या पायऱ्यांवर, पावसात, खाली उतरणाऱ्या गर्दीत, हे अजिबात नको. मेडिकलच्या दुकानात वेगवेगळ्या व्यासांची रबरं मिळतात. काठी सोबत न्यायची, दाबून बसवून बघायची. मी आता जूनच्या आधी नवं बसवते आणि एक जास्तीचं पिशवीत ठेवते. काठीला अधूनमधून जवसाचं तेल पाजते, त्याने वेत कोरडा पडत नाही.

शिकवलं कोणी? गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत लाठी फिरवणारी एक मुलगी बहिणीच्या ओळखीची निघाली. मी मुंबईत असले की सकाळी शिवाजी पार्कात आम्ही भेटतो. (तिथेच समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथल्या उदय देशपांडे सरांना मल्लखांबासाठी 2024 ची पद्मश्री मिळाली. तिथली पोरं खांबावर चढताना बघितली की आपलीही पाठ आपोआप सरळ होते.) पहिल्याच सकाळी मी काठी डोक्यावर उगारली, तर तिने हात धरला.

"काकू, वर नाही न्यायची. वर गेली की समोरचा धरतो आणि तुमचं पोट उघडं पडतं."

"मग?"

"पोटासमोर आडवी, दोन्ही हातांत. एक पाय पुढे, एक मागे. तो जवळ येऊच नये, एवढंच तुमचं काम."

मग तिने काठीचं टोक पकडलं आणि म्हणाली, सोडवा. मी ओढत बसले, ती तरणीताठी, जागची हलेना. तिने दाखवलं की ओढायचं नाही. समोरच्याच्या मुठीत अंगठा आणि बोटं जिथे भेटतात, ती मुठीची सगळ्यांत कच्ची जागा. काठी त्या फटीकडे फिरवली की मूठ उघडते. कोणी मनगट धरलं तरी हाच उपाय. यात ताकद कमी लागते, पण हात स्वतःहून तिकडे वळेपर्यंत सराव लागतो, आणि तो मी मुक्कामाच्या खोलीत दाराच्या कडीला दुपट्टा बांधूनही करते.

रोजचा व्यायाम मात्र याहून साधा आहे. काठी पाठीवर उभी धरायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं राहील असं, आणि कमरेतून पुढे वाकायचं. एक जागा जरी सुटली तर पाठ वाकली असं समजायचं. बॅग उचलताना कंबर धरायची ती यानेच थांबली. मग काठी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावरून बाजूला पाय टाकत जाणं आणि येणं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ट्रेनमध्ये खालच्या बर्थच्या कडेवर बसूनही होतं. शेवटी जमिनीवर बसायचं आणि काठीच्या आधाराने उठायचं: आधी एका कुशीवर, मग गुडघ्यावर, मग एक पाऊल पुढे. पडल्यावर उठता येतं ही खात्री फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस 65 वर्षांपुढच्यांसाठी अशी आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. चालणं सगळे करतात. तोलाचं कोणी करत नाही.

पट्ट्याचं थोडक्यात. पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा जोर वाढत जातो, पण सगळ्या कंपन्या हाच क्रम पाळत नाहीत, तेव्हा रंगावर न जाता ताणून बघा. पाठीसाठी आणि खांद्यांसाठी लाल-हिरवा पुरतो. लॅटेक्सला, म्हणजे पट्ट्याच्या रबराला, ऊन आणि घाम चालत नाही. खिडकीत वाळत घातलेला माझा पहिला पट्टा चिकट झाला आणि त्याला कडेने बारीक चिरा गेल्या. आता पुसून, टाल्कम पावडर लावून, गुंडाळून ठेवते. लॉजच्या दाराला मी पट्टा कधीच अडकवत नाही, जोराने ताणताना त्या कड्यांचा भरवसा नसतो, पायाखाली धरते.

प्रत्यक्ष प्रसंग एकदा आला. एका छोट्या स्टेशनबाहेर, रात्री, रिक्षा शोधताना एक माणूस उगाच बॅगेला हात घालायला लागला. मी काठी आडवी घेतली, एक पाऊल मागे टाकलं आणि "मागे हो!" म्हणून ओरडले. पोटातून आवाज काढायचाही सराव केला होता, त्याचा उपयोग झाला. चहावाल्याने मान वळवली, तो माणूस थांबला, मी चहाच्या टपरीकडे सरळ चालत गेले. पण गळ्यातली साखळी किंवा पर्स मोटारसायकलवरून कोणी ओढली तर धरून ठेवू नका, माणूस फरफटत जातो. पर्स रस्त्याच्या उलट्या खांद्यावर घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. हक्क आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा. पळणाऱ्याच्या पाठीत काठी घालणं त्यात बसत नाही. रेल्वेत 139, कुठेही 112, आणि ज्येष्ठांसाठी 14567 हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या.

विमानतळावर माझी काठी तपासून सोबत नेऊ दिली, पण शेवटचा निर्णय तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा असतो, म्हणून वेळ हाताशी ठेवून जाते. पाच फुटी लाठी मात्र चेक-इन सामानातच द्या. मिरचीचा स्प्रे केबिनमध्ये चालतच नाही, हेही काठी निवडण्याचं एक कारण.

उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, बीपीची गोळी नुकतीच बदलली असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, तर काठीवरून पाय टाकण्याचा आणि जमिनीवरून उठण्याचा प्रकार आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून, आणि सुरुवातीला भिंतीजवळ, घरचं कोणी शेजारी असताना करा. बाकीच्यांनी एका पायावर उभं राहण्यापासून सुरुवात करा, ओट्याला हात लावून, चहा उकळेपर्यंत.