ए-फ्रेम: वरकस उतारावर बांध आखायचा बांबूचा त्रिकोण

अकोले, जव्हार, वेल्हे या भागांतल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरई खुरटते, त्यात बियाण्यापेक्षा उघड्या पडलेल्या मुरमाचा दोष जास्त. बांध असतात, पण नजरेच्या अंदाजाने घातलेले. सखल जागी पाणी गोळा होतं, तिथेच बांध फुटतो आणि खाली नवी ओघळ पडते. ही आखणी सुधारायला ए-फ्रेमइतकं स्वस्त अवजार नाही.

२ मीटरचे दोन बांबू, मधोमध १ मीटरची आडवी काठी, पायांत २ मीटर अंतर, शेंड्याला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. ओळंब्याला दगड चालतो, पण जड हवा. हलका वाऱ्यावर डुलतो. दोरी काठीला लागते तिथे रेघ मारा, मग पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी. दोन रेघांच्या मधोमध समपातळीची खूण: दोरी तिच्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत, आणि असे पाय टेकत गेलं की बांधाची रेषा मिळते. बांधणी ढिली झाली की खूण खोटी ठरते, तेव्हा रोज तपासा. काठीवर १ सेंटीमीटर चूक म्हणजे पायांत सुमारे २.३ सेंटीमीटर फरक; तोच पाय सतत पुढे ठेवला तर ४० मीटरवर जवळपास अर्धा मीटर! सांगाडा एका पायावर फिरवत, पाय आलटून पालटून पुढे नेला की चूक कटत जाते.

खरी अडचण घाटमाथ्याच्या पावसात. तिथे अगदी समपातळीतला बांध तुंबतो, त्याला २ मीटरला १ सेंटीमीटर ढाळ हवा. पुढच्या पायाखाली १ सेंटीमीटरची चकती बांधा. मग मात्र तोच पाय पुढे ठेवावा लागतो, म्हणजे मधली खूण अचूकच हवी. बांधाच्या शेवटी जादा पाणी जायला दगडी सांडवा काढा.

१० टक्के उतारावर दोन बांधांच्या उंचीत १ मीटर फरक धरला तर बांध १० मीटरवर येतात. १ मीटर रुंद मातीचा बांध दहावा हिस्सा जमीन खातो, २० टक्क्यांवर पाचवा. पहिल्या वर्षी उत्पन्न घटू शकतं, हे शेतकऱ्याला आधीच सांगायला हवं. तीव्र उतारावर म्हणून वाळ्याची ओळ बरी: दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, १० ते १५ सेंटीमीटरवर, पाऊस लागताच. मेलेले ठोंब लगेच बदला, फटीतून धार सुटते. पुढे दोन ओळींमधल्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला माती साठते, वरचं अंग हलकं पडतं; शेणखत तिकडे जास्त टाका.

लांब, मोकळ्या उतारावर पाणी भरलेली पारदर्शक नळी वेगाने काम करते, पण दोन माणसं लागतात आणि आत बुडबुडा राहिला की पातळी चुकते. करवंदीच्या जाळ्या आणि खडक असतील तिथे बांबूच बरा.